रेघ ओढली की ते घडलं: अमानवी तपासाच्या मालिकेचं कॉमिक करताना

प्रश्न असा आहे: "एका वेबमालिकेचं कॉमिक करायचं काम आम्हा दोघांना मिळालं आहे. मालिकेत एक पोलीस अधिकारी आणि एक डॉक्टर अमानवी वाटणाऱ्या गुन्ह्यांचा तपास करतात. मी पटकथेवरून संवाद लिहिले, मित्राने प्रत्येक दृश्य मन लावून काढलं, नटांचे चेहरेही हुबेहूब जमलेत. तरी वाचताना भीती वाटत नाही आणि रहस्य फार लवकर कळतं. काय चुकतंय?"

मी बरीच वर्षं कॉमिकच्या पटकथा लिहिते आणि दुसऱ्यांच्या तपासते. त्यातलं बरंचसं काम पडद्यावरून कागदावर आलेल्या गोष्टींचंच आहे. तुमच्या प्रश्नातले "प्रत्येक दृश्य मन लावून काढलं" हे शब्द वाचले आणि मी तिथेच थांबले. गडबड नेमकी तिथेच आहे.

अशा मालिकेचा जीव शंकेत असतो. खरंच काही होतं की भास झाला? भूत की माणसाचं कारस्थान? पडद्यावर ही शंका सांभाळायला दिग्दर्शकाकडे पुष्कळ साधनं असतात. कॅमेरा दीड सेकंद थरथरतो, अंधारात काहीतरी सरकतं, पार्श्वसंगीत चढतं, आणि पुढचं दृश्य सुरू होतं. आपण पाहिलं की नाही, याची आपल्यालाच खात्री नसते. कागदावर तो दीड सेकंद नसतो. वाचक त्या चौकटीकडे हवा तितका वेळ बघत बसू शकतो, आणि चित्रकाराने तिथे शाईची रेघ ओढली असेल तर वाचकाच्या लेखी ते घडलं. तुमच्या मित्राने भूत नीट काढलं, म्हणजे शंका घेणाऱ्या तुमच्या डॉक्टरबाईंची बाजू त्याच क्षणी हरली. पुढची सगळी पानं ती जे काही वैज्ञानिक बोलणार, ते वाचकाला खोटं आहे हे आधीच ठाऊक आहे. भीती तिथेच संपली आणि रहस्यही.

म्हणून पटकथेच्या प्रत्येक चौकटीपुढे मी एक प्रश्न लिहून ठेवते: हे कोण बघतंय? पात्र बघत असेल तर चित्र त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, तो उभा किंवा बसलेला आहे त्या जागेवरून हवं. कोणीच बघत नसेल, म्हणजे आपण निवेदक म्हणून दाखवत असू, तर तिथे फक्त निर्विवाद गोष्टी याव्यात: दार, जिना, प्रेत, घड्याळ. अमानवी गोष्ट निवेदकाच्या चौकटीत येऊ द्यायची नाही, निदान शेवटच्या काही पानांपर्यंत तरी नाही.

उदाहरणासाठी "द एक्स-फाइल्स" घेऊ, कारण या प्रकारच्या मालिकेवरून कॉमिक काढण्याचे बहुतेक सगळे मार्ग तिच्या बाबतीत वापरून झालेत. ख्रिस कार्टरने निर्माण केलेली ही मालिका १० सप्टेंबर १९९३ रोजी अमेरिकेत फॉक्स वाहिनीवर सुरू झाली. एफबीआयचे दोन अधिकारी, फॉक्स मल्डर आणि डेना स्कली. तो विश्वास ठेवणारा, ती डॉक्टर आणि शंका घेणारी. तुमच्या मालिकेची बैठक हीच आहे, त्यामुळे हे उदाहरण तुम्हाला थेट उपयोगी पडेल.

पहिल्याच वर्षातला, १९९४ च्या जानेवारीत दाखवलेला "बियाँड द सी" हा भाग बघा. स्कली सोफ्यावर झोपलेली आहे. जागी होते, तर समोरच्या खुर्चीत वडील बसलेत. त्यांचे ओठ हलताहेत, पण आवाज येत नाही. तेवढ्यात फोन वाजतो. आई सांगते, वडील गेले. स्कली पुन्हा बघते, खुर्ची रिकामी.

हा प्रसंग कागदावर आणायचा तर बहुतेक नवे चित्रकार वडिलांना फिकट काढतात. रेघा तुटक, रंग निळसर, भोवती धुकं. म्हणजे वाचकाला आधीच सांगून टाकलं की हे भूत आहे. मी चित्रकाराला सांगेन, वडील अगदी जिवंत माणसासारखे काढ. बाकी खोलीला जी रेघ, तीच त्यांना. फक्त चौकट स्कलीच्या डोळ्यांतून हवी, सोफ्यावर पडलेल्या बाईला दिसेल तितक्या उंचीवरून. ओठ उघडे, पण संवादाचा फुगा नाही. मग फोन. मग तीच चौकट, त्याच कोनातून, त्याच मापाची, आणि खुर्ची रिकामी. वाचक पान मागे उलटून पहिली चौकट पुन्हा बघतो आणि त्यात त्याला कुठलीही खूण सापडत नाही. स्कलीने पाहिलं, एवढंच खरं. पुढे काय मानायचं हे वाचकाकडे राहतं. टीव्हीवर हे मागे जाऊन तपासणं त्या काळात इतकं सोपं नव्हतं. कॉमिकमध्ये ते वाचक करणारच, म्हणून ते धरूनच पान आखायचं.

दुसरं उदाहरण "स्क्वीझ" या भागाचं, सप्टेंबर १९९३ मधलं. यूजीन टूम्स नावाचा माणूस, दर तीस वर्षांनी जागा होतो, पाच बळी घेतो, त्यांची यकृतं खातो आणि पुन्हा निद्रेत जातो. त्याचं शरीर ताणलं जातं, त्यामुळे धुराड्यातून, झरोक्यातून, माणूस शिरू शकणार नाही अशा कुठल्याही फटीतून तो आत येतो. या भागाचा शेवट फार मोठ्या ताकदीचा आहे. टूम्स कोठडीत आहे. पहारेकरी दारातल्या छोट्या खिडकीवजा फटीतून जेवण सरकवतो. टूम्स त्या फटीकडे बघतो. बस.

कॉमिकमध्ये दोन चौकटींच्या मध्ये जी कोरी पट्टी असते, ती या गोष्टीसाठीच जन्माला आली आहे असं मला नेहमी वाटतं. एका चौकटीत बंद झरोका. पुढच्या चौकटीत खोलीच्या आत जमिनीवर दोन पावलं. मधलं ताणणं, आकसणं, हाडांचा आवाज, हे सगळं वाचक स्वतः त्या कोऱ्या पट्टीत घडवतो आणि ते तुमच्या मित्राच्या कुठल्याही चित्रापेक्षा भयंकर असतं. त्याऐवजी तिथे रबरासारखा लांब झालेला हात काढला तर वाचकाला सुपरहिरो आठवतो. पडद्यावर तो हात चालतो, कारण ते खऱ्या माणसाचं शरीर असतं आणि त्याचं विकृत होणं अंगावर येतं. शाईच्या जगात सगळीच शरीरं हवी तशी वाकतात, म्हणून तिथे वाकण्याची भीती बसत नाही.

चेहऱ्यांबद्दल आता बोलते. मालिकेवरून कॉमिक म्हटलं की निर्माते चेहऱ्यांवर अडून बसतात, आणि मंजुरी मिळवायची म्हणून चित्रकार प्रसिद्धीची छायाचित्रं समोर ठेवून काढतात. परिणाम तुम्ही म्हणता तोच: हुबेहूब आणि निर्जीव. प्रसिद्धीच्या छायाचित्रात नट कॅमेऱ्यासाठी उभा असतो, प्रकाश स्टुडिओतला असतो, आणि भाव एकच. तो चेहरा सहा चौकटींत सहा वेळा आला की ते पात्र पुतळा होतं. चेहऱ्यापेक्षा सावली ओळखू आली पाहिजे. स्कली झालेली गिलियन अँडरसन मल्डर झालेल्या डेव्हिड डुकोव्हनीपेक्षा बरीच बुटकी, त्यामुळे दोघं एका फ्रेममध्ये बसावीत म्हणून चित्रीकरणात तिला अनेकदा फळीवर उभं करत. कागदावर त्या फळीची गरज नाही. उंचीतला तो फरक, तिचा मोठा कोट, त्याचे ओढून खांद्यांत घेतलेले हात, एवढ्यावर पूर्ण काळ्या आकृत्याही ओळखता येतात. तुमच्या दोन नायकांच्या अशा काळ्या आकृत्या आधी काढून बघा. वेगळ्या ओळखू येत नसतील, तर चेहरे कितीही जुळोत, अंधारातली पानं गोंधळाची होणार.

१९९५ साली टॉप्स कंपनीने या मालिकेचं मासिक कॉमिक सुरू केलं. ही मुळात च्युइंगगम आणि संग्रहाची पत्त्यांसारखी कार्डं विकणारी कंपनी. सुरुवातीचे १६ अंक स्टीफन पेट्रुचाने लिहिले आणि चित्रं इंग्लंडच्या चार्ली ॲडलार्डची होती. हाच ॲडलार्ड पुढे २००४ पासून "द वॉकिंग डेड" या कृष्णधवल कॉमिकमुळे जगभर पोहोचला. त्याची एक्स-फाइल्सची पानं मिळाली तर जरूर बघा. चेहरे कित्येक ठिकाणी नटांसारखे नाहीत, पण काळ्या रंगावरचा हात पक्का आहे. मुखपृष्ठं मिरन किमने रंगवली होती आणि मला ती आजही या सगळ्या प्रकारातली सर्वांत देखणी वाटतात.

या काळ्या रंगावरून टॉर्चची गोष्ट आठवली. मल्डर आणि स्कली अंधाऱ्या घरात टॉर्च घेऊन शिरतात, हे दृश्य मालिकेची सहीच होऊन बसलं. पहिली पाच वर्षं चित्रीकरण कॅनडातल्या व्हँकुव्हरला झालं, तिथली ओली जंगलं आणि ढगाळ उजेड त्या टॉर्चला साथ देत. कागदावर टॉर्चचा झोत म्हणजे शाई न लागलेला कोरा भाग. पान आधी काळं समजा आणि झोत पडेल तेवढंच मोकळं करा. झोताच्या आत जे आहे ते माहीत, बाहेर जे आहे ते अज्ञात. झोताच्या कडेवर अर्धवट कापलेली एखादी वस्तू ठेवली की वाचकाचा डोळा आपोआप काळ्यात शिरतो. तिथे काहीही काढू नका. रंग दुसरा कोणी देत असेल तर त्याला हे बजावून सांगा, नाहीतर तो काळ्या भागात गर्द निळ्या छटा भरून सगळं उजेडात आणतो.

आता रहस्य लवकर कळण्याचं. पडद्यावर पुरावा कॅमेऱ्यासमोरून सरकून जातो. कॉमिकमध्ये तुम्ही टेबलावरच्या चाव्यांना स्वतंत्र चौकट दिलीत की वाचक समजतो: चाव्या लक्षात ठेवायच्या आहेत. पटकथेतला "क्लोज-अप: चाव्या" तुम्ही जसाच्या तसा चौकटीत उतरवला असणार. तो काढून टाका. चाव्या मोठ्या चौकटीत, बाकीच्या पसाऱ्यात, चहाच्या कपाला आहे त्याच जाडीच्या रेघेने काढा, आणि त्याच चौकटीत दोघांचं जोरदार भांडण ठेवा म्हणजे नजर फुग्यांकडे जाईल. शेवटी उलगडा झाला की वाचक मागे जाऊन चाव्या शोधेल आणि त्या तिथेच असतील. या वाचकाला फसवायचं नाही. त्याच्यासमोर ठेवूनही त्याला दिसू नये, इतकं कसब हवं.

याची एक उलटी बाजू आहे आणि ती फार छळते. चित्रकाराच्या नजरचुकीने घड्याळ डाव्या मनगटावरून उजव्यावर गेलं, खिडकीचा पडदा एका पानावर लाल आणि दुसऱ्यावर हिरवा झाला, तर तपासकथेचा वाचक त्याला पुरावा समजतो. प्रेमकथेत अशी चूक कोणी बघत नाही. तुमच्या वाचकाला तुम्हीच तपासायला शिकवलंय, तो सगळं तपासणार. प्रत्येक खोलीचा साधा नकाशा काढून भिंतीवर लावा.

अंकाच्या छापील रचनेचा फायदा घ्या. उजव्या हाताला विषम क्रमांकाचं पान, ते उलटलं की सम क्रमांकाचं. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटच्या चौकटीत, उत्तर उलटल्यावर. उत्तर समोरासमोरच्या दोन पानांत पडलं तर वाचकाची नजर प्रश्न वाचतानाच तिकडे जाते आणि सगळं फुकट. तुमचं कॉमिक मोबाइलवर उभं सरकवत वाचायचं असेल तर पान उलटणं नाही. तिथे दोन चौकटींमधली जागाच वाढवा. एक स्क्रीनभर काळोख सरकवायला लावला की अंगठ्यालाही धाकधूक होते.

निवेदनाच्या पट्ट्यांबद्दल, म्हणजे चौकटीत निवेदन लिहायच्या आडव्या खणांबद्दल, तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या प्रकारात त्या फार कामाच्या आहेत. एक्स-फाइल्सच्या आधी १९७२ आणि १९७३ मध्ये अमेरिकेत दोन टीव्ही चित्रपट आले आणि १९७४-७५ मध्ये त्यांवरून "कोलचॅक: द नाइट स्टॉकर" ही मालिका झाली. डॅरेन मॅकगॅव्हिनने केलेला कार्ल कोलचॅक हा बातमीदार रक्तपिपासू आणि राक्षसांच्या मागे लागतो आणि सगळी हकिगत टेपरेकॉर्डरमध्ये बोलून ठेवतो. शेवटी पुरावा नष्ट होतो, बातमी छापली जात नाही. ख्रिस कार्टरने या मालिकेचं ऋण उघडपणे मानलंय, आणि पुढे मॅकगॅव्हिन एक्स-फाइल्समध्ये जुन्या एफबीआय अधिकाऱ्याच्या भूमिकेत आलाही. २००२ पासून मूनस्टोन या प्रकाशन संस्थेने कोलचॅकची कॉमिक्स काढली. टेपवरचा तो आवाज निवेदनाच्या पट्ट्यांत किती सहज बसतो ते त्यांच्यात बघण्यासारखं आहे.

स्कलीही मालिकेत अहवाल लिहिते. तुमच्या डॉक्टरबाईंना अहवाल लिहायला लावा आणि तो पट्ट्यांमध्ये ठेवा. खाली चित्र मात्र अहवालाशी पूर्ण जुळणारं नको. पट्टी म्हणते, "मृत्यू गुदमरून झाला, खोली आतून बंद होती." चित्रात झरोक्याच्या जाळीवर धूळ पुसल्याची खूण. शब्द डॉक्टरबाईंच्या बाजूने, चित्र पोलीस अधिकाऱ्याच्या बाजूने. ही ओढाताण एकाच चौकटीत पडद्याला इतकी सहज साधत नाही. एवढंच जपा की चित्रात जे दिसतंय ते पट्टीत पुन्हा सांगायचं नाही. "तो घाबरून मागे सरकला" असं लिहून खाली घाबरून मागे सरकणारा माणूस काढलेला मला आजही पटकथांमध्ये सापडतो, आणि ते वाक्य मी प्रत्येक वेळी काढते.

जसाच्या तसा भाग कॉमिकमध्ये आणायचा की नवी गोष्ट लिहायची, हा निर्णय तुमच्या हातात असेल तर नवी गोष्ट लिहा. टॉप्सने मासिकासाठी नव्या गोष्टी लिहून घेतल्या आणि त्याला जोडून पहिल्या वर्षातल्या काही भागांची थेट रूपांतरंही काढली. रूपांतरं रॉय थॉमससारख्या कसलेल्या लेखकाची होती. तरी मला ती आल्बममधल्या फोटोंसारखी वाटतात: ज्याने भाग पाहिला त्याला आठवण होते, ज्याने पाहिला नाही त्याला फारसं काही मिळत नाही. नव्या गोष्टी तशा नाहीत, कारण त्या कागदासाठीच सुचलेल्या आहेत.

नवी गोष्ट लिहायची तर आधी मालिका चालू आहे की संपली ते बघा. चालू असेल तर मोठं कथानक मालिकेचं. तुम्ही कोणाला मारू शकत नाही, कोणाचं लग्न लावू शकत नाही. अंकाच्या शेवटी सगळे होते तिथे परत आले पाहिजेत. यात कमीपणा मानू नका, एका प्रकरणाची पूर्ण गोष्ट सांगायला ती उत्तम शिस्त आहे. संपली असेल तर मोकळीक मिळते आणि धोकाही. जून २०१३ मध्ये आयडीडब्ल्यू या प्रकाशन संस्थेने "सीझन १०" या नावाने एक्स-फाइल्स पुढे सुरू केली. लेखक जो हॅरिस, सुरुवातीची चित्रं मायकल वॉल्शची, आणि कार्यकारी निर्माता म्हणून खुद्द कार्टरचं नाव. मालिकेत २००२ मध्ये मेलेलं, मल्डरला मदत करणारं लोन गनमेन हे त्रिकूट या कॉमिकमध्ये जिवंत निघालं. २५ अंक झाले, मग "सीझन ११" चे ८ अंक. आणि जानेवारी २०१६ मध्ये टीव्हीवर मालिका परत आली ती कॉमिकमधलं काहीही न मोजता, स्वतःची वेगळी गोष्ट घेऊन. ज्या वाचकांनी ते सगळं मालिकेचा पुढचा भाग म्हणून जपलं होतं, त्यांचं मन मोडलं. त्यातल्या सुट्या प्रकरणांच्या गोष्टी मात्र आजही तितक्याच चांगल्या वाचल्या जातात, कारण त्या कशावर टेकलेल्या नव्हत्या.

खर्चाच्या मोकळिकीचंही सांगते, कारण तुमच्या पानांवर भव्य दृश्यं काढायचा मोह असेल असं मला वाटतं. "एंजल" ही लॉस एंजेलिसमधल्या एका व्हँपायर गुप्तहेराची मालिका १९९९ ते २००४ चालली. शेवटच्या दृश्यात पावसात एका गल्लीत नायक आणि त्याचे साथीदार उभे आहेत, समोर राक्षसांची फौज आणि वर आकाशात ड्रॅगन, आणि तिथेच मालिका संपते. नोव्हेंबर २००७ पासून आयडीडब्ल्यूने "आफ्टर द फॉल" काढलं, १७ अंकांचं. कथानक मालिकेच्या निर्मात्यांपैकी जॉस व्हेडन आणि ब्रायन लिंच यांचं, लेखन लिंचचं, सुरुवातीची चित्रं फ्रँको उरूची. टीव्हीवर क्षणभर दिसलेला ड्रॅगन इथे नायकाचा साथीदार होतो आणि अख्खं लॉस एंजेलिस नरकात गेलेलं असतं. शाईला खर्च लागत नाही, म्हणून हे शक्य झालं. कहाणी म्हणून मला ते आवडतं, पण त्यात तपास उरत नाही. सगळं शहरच अमानवी झालं की शोधायचं काय? तुमची मालिका तपासाची आहे. गर्दी आणि आग काढायची हौस तिच्यात भागवू नका. एक घर, एक रात्र, चार माणसं पुरेत.

आता कामाचं. पहिल्या अंकाचं लेखन पुन्हा सुरू करण्याआधी पटकथा बंद करून ठेवा आणि गोष्ट आठवणीतून एका पानावर लिहा. जे आठवणार नाही ते कॉमिकमध्ये लागत नाही. मग मित्राला कच्च्या छोट्या चौकटींत पूर्ण अंक आखायला सांगा, फुगे आणि पट्ट्या न घालता. तो आराखडा मालिका कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या आणि दोनच गोष्टी विचारा: इथे कोणी काय पाहिलं, आणि तुला काय वाटतं, खरं काय घडलं? पहिल्याचं उत्तर सगळ्यांकडून सारखं आलं पाहिजे. दुसऱ्याचं उत्तर दोन माणसांकडून वेगळं आलं, की शाई सुरू करा.